गटात बसून शिकताना लागणारं इंग्रजी

मराठी माध्यमातून दहावी झालेली मुलगी अकरावी विज्ञानाला किंवा तंत्रनिकेतनात जाते, तेव्हा सगळे तिला धाक घालतात तो ‘व्हेलॉसिटी’, ‘ऑस्मॉसिस’, ‘कोव्हॅलंट बाँड’ असल्या शब्दांचा. प्रत्यक्षात हे शब्द फार दिवस छळत नाहीत. ते पुस्तकात छापलेले असतात, फळ्यावर येतात, परीक्षेत पुन्हा पुन्हा विचारले जातात, आणि पहिलं सत्र संपेपर्यंत तोंडात बसतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. ‘गेट इंटू ग्रुप्स ऑफ फोर अँड डिस्कस धिस,’ असं सर म्हणतात. बाकं सरकतात, चार डोकी जवळ येतात आणि बोलणं सुरू होतं. तिला उत्तर येत असतं. पण बोलण्यात शिरायचं कसं, ‘थांब, हे परत सांग’ कसं म्हणायचं, ‘तुझं पटतंय, पण एक गोष्ट राहिली’ हे इंग्रजीत कसं मांडायचं, ते तिला कुणी शिकवलेलं नसतं. मनात वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते.

गटात शिकण्यासाठी मोठे शब्द लागतच नाहीत. पंचवीस-तीस छोटी, पूर्ण वाक्यं लागतात, आणि ती नेमक्या क्षणी तोंडातून निघावी लागतात. त्यांतही सगळ्यांत आधी यायला हवीत ती न समजल्याचं सांगणारी वाक्यं. ती आली की बाकीचं इंग्रजी गटातले मित्रच शिकवतात. हा लेख अशा वाक्यांबद्दल आहे. तो विद्यार्थ्यांसाठी आहे, तसाच वर्गात गट पाडणाऱ्या शिक्षकांसाठीही आहे.

गटात शिकणं आपल्या मुलांना नवीन नाही, हे आधी लक्षात घेऊ. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांचं ज्ञानरचनावादी काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जात असत. तिथून आणि इतर अनेक शाळांतून गटकार्य, जोडीकार्य हे शब्द गावोगावच्या वर्गांत रुळले. जमिनीवर आखलेल्या गोलाभोवती बसून एकमेकांना गणित समजावणारी ती मुलं आता महाविद्यालयात पोचली आहेत. एकमेकांकडून शिकायची सवय त्यांना आहे. तिथली भाषा तेवढी बदलली आहे.

वर्गातल्या सूचना

शिक्षक गट पाडताना जे बोलतात ते समजणं सगळ्यांत सोपं आहे, कारण त्या सूचना ठरलेल्या असतात. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि ‘वर्क इन पेअर्स’ किंवा ‘डिस्कस विथ युवर पार्टनर’ अशा सूचना पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या डोळ्यांखालून गेलेल्या असतात. कानावर पडायचं तेवढं राहिलेलं असतं. ‘पेअर अप’ म्हणजे जोड्या करा. ‘टेक टर्न्स’ म्हणजे आळीपाळीनं बोला. ‘स्वॉप नोटबुक्स’ म्हणजे वह्यांची अदलाबदल करा. ‘रिपोर्ट बॅक’ म्हणजे गटात काय ठरलं ते एकानं उठून सगळ्या वर्गाला सांगा. काम जमा करायला ब्रिटिश वळणाचे शिक्षक ‘हँड इट इन’ म्हणतात आणि अमेरिकी वळणाचे ‘टर्न इट इन’. दोन्हींचा अर्थ एकच.

इथे कानाला फसवणारी एक जोडी आहे. ‘पेअर’ म्हणजे जोडी, आणि ‘पिअर’ म्हणजे बरोबरीचा, आपल्यासारखाच शिकणारा. ‘पिअर फीडबॅक’ म्हणजे शिक्षकांनी नव्हे, वर्गमित्रानं तुमचं काम वाचून दिलेला अभिप्राय. ‘पिअर असेसमेंट’ म्हणजे त्यानं केलेलं मूल्यमापन, ज्याचे गुणही धरले जाऊ शकतात. ‘पेअर वर्क’ आणि ‘पिअर रिव्ह्यू’ एकाच तासात ऐकू आले तर गोंधळ होतो. म्हणून या दोन शब्दांचे उच्चार मोबाइलवरच्या एखाद्या चांगल्या शब्दकोशात स्वतः ऐकून घ्या. देवनागरीत लिहिलेला इंग्रजी उच्चार हा नेहमी अंदाजच असतो, आणि या लेखातले उच्चारही त्याला अपवाद नाहीत.

गटातल्या भूमिकांची नावंही लवकर पाठ होतात. वेळेवर लक्ष ठेवणारा ‘टाइमकीपर’, मुद्दे उतरवणारा ‘नोट टेकर’, गटाच्या वतीनं बोलणारा ‘स्पोक्सपर्सन’, आणि प्रत्येकाला बोलायला मिळतंय ना हे पाहणारा ‘फॅसिलिटेटर’. इंग्रजीची भीती असलेल्या मुलाला बहुतेक वेळा टाइमकीपर केलं जातं, कारण त्याला बोलावं लागत नाही. शिक्षकांनी हे होऊ देऊ नये, असं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं. त्याला नोट टेकर करा. लिहून घेण्यासाठी त्याला विचारावंच लागतं आणि विचारायला हक्काचं कारणही मिळतं. ‘हाउ शुड आय राइट धिस डाउन?’ हा प्रश्न नोट टेकरनं विचारला तर कुणाला तो कच्चा वाटत नाही.

न समजल्याचं कसं सांगायचं

न समजल्याचं सांगायला बहुतेकांकडे एकच वाक्य असतं : ‘आय डोन्ट अंडरस्टँड.’ ते चुकीचं नाही, पण त्यानं काम होत नाही. समोरच्याला कळत नाही की नेमकं काय समजलं नाही. मग तो सगळं पहिल्यापासून, त्याच वेगानं, फक्त थोड्या मोठ्या आवाजात परत सांगतो. दुसऱ्यांदाही समजलं नाही की तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, आणि मुलगी मान डोलावून मोकळी होते. गटात शिकणं तिच्यापुरतं तिथेच थांबतं.

म्हणून अडलं कुठे ते दाखवणारी वेगवेगळी वाक्यं हवीत. शब्द कानावरून निसटले असतील तर ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’ म्हणा. शब्द ऐकू आला पण अर्थ लागला नाही, तर ‘व्हॉट डू यू मीन बाय’ म्हणून पुढे तो शब्द जोडा. सगळे शब्द कळले पण कल्पना डोक्यात बसत नसेल, तर ‘कॅन यू गिव्ह मी अ‍ॅन एक्झाम्पल?’ गणितात किंवा सिद्धतेत एखाद्या पायरीवर अडलं असेल, तर ‘कॅन यू गो ओव्हर द सेकंड स्टेप अगेन?’ आणि ‘हाउ डिड यू गेट फ्रॉम हिअर टू हिअर?’ हा शेवटचा प्रश्न विचारताना वहीतल्या दोन ओळींवर बोट ठेवा. बोट ठेवून विचारलेल्या प्रश्नाला व्याकरणाची फार गरज उरत नाही.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत उपयोगाचं वाक्य आहे : ‘सो, आर यू सेइंग दॅट…?’ आणि त्याच्यापुढे तुम्हाला जे समजलं ते, तुमच्या मोडक्यातोडक्या शब्दांत. तुम्ही चुकलात तर समोरचा नेमकी तेवढीच चूक दुरुस्त करतो. बरोबर असाल तर ‘एक्झॅक्टली’ म्हणतो, आणि ती कल्पना आता तुमच्या स्वतःच्या वाक्यात तुमच्याकडे राहते. शिवाय ज्यानं समजावलं त्यालाही आपलं सांगणं नीट पोचलं की नाही हे कळतं. एकाच प्रश्नात दोघांचाही अभ्यास होतो.

‘डाउट’ या शब्दाबद्दल सांगायला हवं. ‘सर, आय हॅव अ डाउट’ हे भारतातल्या प्रत्येक वर्गात चालतं आणि सगळ्यांना समजतं. इथे ते वापरायला हरकत नाही. पण इंग्लंड-अमेरिकेत ‘डाउट’चा रोख अविश्वासाकडे जातो : तुम्ही म्हणता त्याबद्दल मला खात्री नाही. बाहेर शिकायला जाणार असाल, परदेशी प्राध्यापकांचा ऑनलाइन अभ्यासक्रम करत असाल किंवा तिकडच्या विद्यार्थ्यांबरोबर प्रकल्प करत असाल, तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणायची सवय आतापासून लावा. ते इथेही तितकंच चालतं.

विचार करायला वेळ मागणं हेही न समजण्याचंच भावंड आहे. मराठीत विचार करून इंग्रजीत बोलणाऱ्याला दोन-चार सेकंद जास्त लागतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गातल्या संवादांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात आणि मग स्वतःच पुढे बोलू लागतात, असं तिला आढळलं. ही वाट पाहण्याची वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केली, तेव्हा विद्यार्थ्यांची उत्तरं मोठी झाली आणि एरवी गप्प बसणारेही बोलू लागले. शिक्षक थांबत नसतील तर विद्यार्थ्यानं वेळ मागून घ्यावा : ‘गिव्ह मी अ सेकंड’, ‘लेट मी थिंक.’ गप्प राहिलात तर तुम्हाला येत नाही असं समजून पाळी पुढे जाते. ‘लेट मी थिंक’ म्हणालात की पाळी तुमचीच राहते.

शिरायचं कसं आणि इतरांना बोलतं कसं करायचं

चालू बोलण्यात शिरायला ‘कॅन आय अ‍ॅड समथिंग?’ पुरेसं आहे. आधीचा मुद्दा धरून बोलायचं असेल तर ‘टू बिल्ड ऑन दॅट’ असं म्हणून सुरुवात करा. चर्चा पुढे गेली आणि तुमचं वाक्य आता तयार झालं, तरीही उशीर झालेला नसतो : ‘कॅन वी गो बॅक टू द फर्स्ट पॉइंट?’ हे वाक्य मराठी माध्यमातल्या मुलांनी खिशातच ठेवावं. मागे राहिलेला माणूस त्यानं चर्चा आपल्याकडे परत आणू शकतो. आणि बरेचदा त्या पहिल्या मुद्द्यात काहीतरी सुटलेलं असतंच.

मराठीची विनंती क्रियापदाच्या रूपात असते. ‘सांग’, ‘सांगशील का’, ‘सांगता का’, ‘सांगाल का’ यांत आदर आणि जवळीक आपोआप येते, ‘कृपया’ म्हणावं लागत नाही. इंग्रजीत क्रियापद तसंच राहतं, म्हणून मऊपणा बाहेरून आणावा लागतो : ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘कॅन यू प्लीज’. हे माहीत नसलेला मुलगा ‘तू सांग’चं ‘यू टेल’ करतो. मनात तो अत्यंत आपुलकीनं बोलत असतो, पण ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. ‘तू सांग ना, तुला काय वाटतं’ यासाठी ‘व्हॉट डू यू थिंक?’ हे तयार वाक्य आहे. आणि ‘चला, आपण करून बघू’ यासाठी ‘लेट्स ट्राय इट’. मराठीतलं सगळ्यांना सामावून घेणारं ‘आपण’ या ‘लेट्स’मध्ये बरोबर उतरतं.

मतभेदाचंही तसंच. मित्रांमध्ये ‘नाही रे, तसं नाहीये ते’ म्हटलं तर कुणी दुखावत नाही, त्या ‘रे’मध्ये मैत्री असते. ‘नो, यू आर राँग’मध्ये ती उरत नाही. अनोळखी मुलांच्या गटात तर हे वाक्य बोलणं बंद पाडतं. ‘आय सी व्हॉट यू मीन, बट…’ म्हणून आपला मुद्दा मांडा. खात्री नसेल तर ‘आय अ‍ॅम नॉट सो शुअर अबाउट दॅट’. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे मतभेदाचा प्रश्न करा : ‘हॅव वी चेक्ड द युनिट्स?’, ‘व्हॉट इफ द टेंपरेचर चेंजेस?’ सहमत असाल तर ‘आय अ‍ॅग्री’. ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’ नाही. ही चूक फार ऐकू येते, कारण मराठीत ‘मी सहमत आहे’ म्हणताना ‘आहे’ लागतो.

हे सगळं एकत्र कसं वाजतं ते एका छोट्या संवादात पाहा. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग चालू आहे. जड गोळा लावला तर लंबकाचा आवर्तकाल बदलेल का, यावर गट बोलतो आहे.

‘आय थिंक द हेव्हिअर वन विल स्विंग फास्टर.’

‘व्हॉट मेक्स यू थिंक दॅट?’

‘इट हॅज मोअर वेट, सो ग्रॅव्हिटी पुल्स इट मोअर.’

‘आय सी व्हॉट यू मीन, बट कॅन वी चेक? लेट्स कीप द लेंथ द सेम अँड चेंज ओन्ली द बॉब.’

दोन्ही गोळ्यांचे वीस-वीस झोके मोजल्यावर वेळ जवळजवळ सारखाच येतो, आणि पहिली मुलगी म्हणते, ‘ओके, आय वॉज राँग अबाउट द वेट. सो इट्स द लेंथ दॅट मॅटर्स?’

यात एकही अवघड शब्द नाही. ‘व्हॉट मेक्स यू थिंक दॅट?’ या प्रश्नानं पहिलीला आपलं कारण उघड करावं लागलं, आणि तेच कारण तपासून बघता आलं. हाच प्रश्न थेट ‘व्हाय?’ असा विचारला असता तर तो जाब विचारल्यासारखा वाटला असता. शेवटचं वाक्यही पाठ करण्यासारखं आहे. आपलं चुकलं हे इंग्रजीत सहज म्हणता येणं हा गटात शिकण्याचा मोठा भाग आहे.

कामाची वाटणी

प्रकल्पाच्या गटात, मग तो पदविकेचा मायक्रो-प्रोजेक्ट असो की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा, ‘हू इज डुइंग व्हॉट?’ हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून ठेवावं. ‘आय विल टेक द सर्किट डायग्राम’ असं काम अंगावर घ्यावं. ‘शॅल आय डू द रेफरन्सेस?’ असं विचारावं. काम न करता गुण घेणाऱ्याला इंग्रजीत ‘फ्री रायडर’ म्हणतात. आपल्या वाट्याचं काम नीट उचलणं म्हणजे ‘पुल युवर वेट’. हा वाक्प्रचार ऐकला तर समजावा एवढं पुरे. तोंडावर कुणाला ‘यू आर नॉट पुलिंग युवर वेट’ म्हणणं हे भांडणाचं वाक्य आहे. त्याऐवजी ‘डू यू नीड हेल्प विथ युवर पार्ट?’ असं विचारलं तर काम का रखडलं हे तरी कळतं.

बाहेर शिकायला जाणाऱ्यांनी एक शब्द नीट समजून घ्यावा : ‘कोल्यूजन’. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत हा गैरप्रकार मानला जातो. स्वतंत्रपणे करायचं काम दोघांनी मिळून केलं आणि आपापल्या नावावर वेगवेगळं दिलं, तर ते कोल्यूजन. दुसऱ्याचं छापलेलं लिखाण उचलणं म्हणजे ‘प्लॅजरिझम’ हे आपल्याला माहीत असतं. पण मित्राला आपली असाइनमेंट वाचायला देणं हा आपल्याकडे चांगुलपणा समजला जातो आणि तिथे तोच चौकशीचं कारण ठरू शकतो. म्हणून काम हातात आलं की आधी विचारायचं : ‘इज धिस ग्रुप वर्क ऑर इंडिव्हिज्युअल वर्क?’ आणि त्याच्या जोडीला, ‘आर वी अलाउड टू डिस्कस इट?’

पद्धतींची नावं

बी.एड.चे विद्यार्थी आणि शिक्षक यांना आणखी काही शब्द वारंवार भेटतात. त्यांच्यामागची हकिकत माहीत असली की ते विसरत नाहीत.

‘जिगसॉ’ हा त्यातला मला सगळ्यांत प्रिय. 1971 साली अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांत तणाव होता. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाला मदतीला बोलावलं गेलं. वर्गात सगळी मुलं शिक्षकांचं लक्ष वेधण्यासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, आणि त्यात नवखी मुलं मागे पडून त्यांचं हसं होतं, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचं जाणून घ्यायचं तर इतरांचं ऐकल्याशिवाय मार्गच नव्हता. ज्या मुलाच्या मोडक्या इंग्रजीला इतर हसत होती, त्याच्याकडचाच तुकडा आता त्यांना परीक्षेसाठी हवा होता. मग ती त्याला प्रश्न विचारू लागली, थांबून ऐकू लागली. या पद्धतीत मूळ गटाला ‘होम ग्रुप’ म्हणतात. एकच तुकडा मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तो पक्का करतात, त्याला ‘एक्स्पर्ट ग्रुप’ म्हणतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक्स्पर्ट ग्रुप हा मोठा आधार असतो. आपल्या गटासमोर जे बोलायचं, त्याची रंगीत तालीम तिथे होऊन जाते.

‘थिंक-पेअर-शेअर’ ही फ्रँक लायमन यांनी 1981 साली मांडलेली पद्धत. आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गासमोर. इंग्रजीची धाकधूक असलेल्यांना ही सगळ्यांत मानवते, कारण वर्गासमोर जे बोलायचं ते शेजाऱ्यासमोर एकदा बोलून झालेलं असतं. मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांच्या लिखाणातून ‘पॉझिटिव्ह इंटरडिपेंडन्स’ आणि ‘इंडिव्हिज्युअल अकाउंटेबिलिटी’ या संज्ञा रूढ झाल्या. पहिलीचा अर्थ, माझं यश तुझ्या यशावर अवलंबून आहे अशी रचना. दुसरीचा अर्थ, तरीही प्रत्येकाला स्वतःचं उत्तर स्वतः देता आलं पाहिजे. आणि ‘स्कॅफोल्डिंग’ हा शब्द डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या 1976च्या निबंधातून शिक्षणशास्त्रात आला : शिकणाऱ्याला हवा तेवढाच आधार द्यायचा आणि तो सावकाश काढून घ्यायचा.

मराठी जिभेच्या खास जागा

काही चुका केवळ मराठी वाक्याच्या सवयीनं होतात, म्हणून त्या एकदा ओळखून ठेवाव्यात. ‘विषयाबद्दल चर्चा’ म्हणून आपण ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही : ‘लेट्स डिस्कस द रिझल्ट.’ ‘मला समजावून सांग’ म्हणून ‘एक्सप्लेन मी’ होतं. हवं ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘तो मला म्हणाला’चं ‘ही सेड मी’ होतं. हवं ‘ही टोल्ड मी’. मराठीतला ‘च’ आपण ‘ओन्ली’नं आणतो आणि शेवटी टाकतो : ‘वी हॅव टू सबमिट टुडे ओन्ली.’ आजच द्यायचं आहे, हे सांगायला आवाजात ‘टुडे’वर जोर दिला की पुरतं.

‘फीडबॅक’, ‘होमवर्क’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’ यांचं अनेकवचन होत नाही. ‘आय गॉट टू फीडबॅक्स’ ऐवजी ‘आय गॉट फीडबॅक फ्रॉम टू पीपल’ म्हणावं. ‘प्रेझेंट’ या शब्दावर आघात कुठे येतो तेही पाहा. वर्गात हजेरी देताना किंवा भेटवस्तूसाठी जोर पहिल्या अवयवावर येतो, आणि ‘आमचा गट आता सादर करेल’ असं म्हणताना दुसऱ्यावर. ‘कोलॅबरेट’मध्ये जोर ‘लॅ’वर. माणसाबरोबर काम करायचं असेल तर ‘कोलॅबरेट विथ’, विषयावर करायचं असेल तर ‘कोलॅबरेट ऑन’.

या चुका झाल्या तरी बोलणं थांबवू नका. ‘एक्सप्लेन मी’ म्हणणारी मुलगी विचारते आहे, आणि तिला उत्तर मिळतं. गप्प राहिलेलीला ते मिळत नाही.

सराव

वाक्यं सुट्या शब्दांचं भाषांतर करून पाठ करू नका, अख्खी पाठ करा. ‘आय डिडन्ट कॅच दॅट’मधल्या ‘कॅच’चा अर्थ शोधत बसण्यापेक्षा ते चार शब्द एका दमात म्हणता येणं महत्त्वाचं. एका आठवड्याला तीनच वाक्यं घ्या. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि त्या आठवड्यात खऱ्या चर्चेत प्रत्येक वाक्य एकदा तरी वापरायचं असं ठरवा. सुरुवात न समजल्याच्या वाक्यांनी करा, मग शिरण्याची, मग मतभेदाची. वाटणीची वाक्यं प्रकल्प आला की आपोआप येतात.

सुरुवातीच्या महिन्यात विषय मराठीत बोला आणि चर्चा चालवणारी वाक्यं तेवढी इंग्रजीत बोला, असं मी आग्रहानं सांगतो. ‘कॅन वी गो बॅक टू द फर्स्ट पॉइंट? मला वाटतं घर्षणाचं आपण धरलंच नाही.’ काही शिक्षकांना हे भेसळ वाटेल. पण यात दोन ओझी एकदम उचलावी लागत नाहीत. भौतिकशास्त्र डोक्यात स्वच्छ राहतं आणि इंग्रजी वाक्यांना जीभ सरावते. ती वाक्यं सहज येऊ लागली की विषयाचं बोलणंही हळूहळू इंग्रजीकडे सरकतं, कारण पारिभाषिक शब्द तर आधीच इंग्रजीत आहेत.

ऐकण्यासाठी चांगलं साहित्य हाताशी आहे. आयइएलटीएस परीक्षेच्या श्रवण चाचणीत चार भाग असतात आणि तिसऱ्या भागात शिक्षणाशी संबंधित संवाद असतो. बरेचदा दोन विद्यार्थी आपल्या असाइनमेंटबद्दल एकमेकांशी किंवा ट्यूटरशी बोलत असतात. परीक्षा द्यायची नसली तरी त्याच्या सराव ध्वनिफिती ऐका. पहिल्यांदा उत्तरांसाठी नको, फक्त कोण कुणाला कसं अडवतं, कसं पटवून देतं, ते टिपण्यासाठी ऐका. केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट परीक्षेत तर तोंडी चाचणीच दोन उमेदवारांची एकत्र होते, आणि तिच्या तिसऱ्या भागात दोघांनी मिळून एका प्रश्नावर चर्चा करून निर्णयाला यायचं असतं. तिथे समोरच्याला बोलतं करण्याचं कौशल्यही तपासलं जातं. त्या चाचणीचे नमुना व्हिडिओ पाहताना ‘व्हॉट अबाउट यू?’ आणि ‘शॅल वी मूव्ह ऑन टू द नेक्स्ट वन?’ ही वाक्यं किती सहज येतात ते कळेल.

शिक्षकांनी गट पाडण्याआधी त्या तासाला लागणारी दोन-तीन वाक्यं फळ्याच्या कोपऱ्यात लिहावीत, एकदा सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यावीत आणि मगच काम सुरू करावं. गटांमध्ये फिरताना उत्तर बरोबर आलं का एवढंच न पाहता कुणी कुणाला प्रश्न विचारला तेही ऐकावं, आणि तास संपताना ऐकलेला एखादा चांगला प्रश्न नाव न घेता वर्गाला सांगावा. दोन-तीन आठवड्यांनी फळ्यावरची वाक्यं पुसून टाकावीत. ती तरीही ऐकू येत असतील तर पुढची तीन लिहायला घ्यावीत, येत नसतील तर तीच पुन्हा लिहावीत.